आठवी ‘ब’चा ओढा

ओढ्याचं पाणी तपासायला मुलांना न्यायचं ठरलं की शाळेकडून घरोघरी एक संमतिपत्र जातं. त्यातला मजकूर साधारण असा असतो : आपला पाल्य ओढ्याच्या पाण्याची गुणवत्ता तपासण्याच्या उपक्रमात सहभागी होत असून, सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याने पाण्याजवळ जाऊ नये, पाण्यास हात लावू नये व काठावर उभे राहू नये, अशी समज पालकांनी त्यास द्यावी. खाली सही. पालक सही करून टाकतात. पाण्याजवळ न जाता पाणी कसं तपासणार, असं कोणी विचारत नाही. शाळेचा कागद वाचत बसायचा नसतो, हे सगळे आपापल्या शाळेतच शिकलेले असतात.

तरी मुलं जातात आणि पाण्याजवळही जातात. आठवीतल्या मुलाला ओढ्यापासून चार हात लांब ठेवू शकेल असं परिपत्रक अजून निघालेलं नाही.

हा उद्योग मूळचा साहेबाचा. १९७१ साली इंग्लंडात ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने एका शैक्षणिक संस्थेला हाताशी धरलं आणि देशभरच्या शाळकरी मुलांना नद्या-ओढे तपासायला लावलं. हजारो मुलं जाळी आणि बरण्या घेऊन पाण्यात उतरली. कुठल्या पाण्यात कुठले किडे सापडतात, यावरून त्यांनी पाण्याची प्रत ठरवली. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी झाडाखोडांवरच्या लायकेनवरून हवा मोजायला सांगितली. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल याच लायकेनच्या भाऊबंदांपैकी. तिकडे त्याने हवेची परीक्षा केली, इकडे ते आमटीत पडलं.

अमेरिकेतली गोष्ट याहून बोलकी आहे. मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. १९८४च्या सुमारास तिथल्या ह्युरॉन हायस्कूलची काही मुलं ह्युरॉन नदीत विंडसर्फिंग करून आली आणि त्यांना कावीळ झाली. आपल्याकडे याची सांगता उसाचा रस, मुळ्याचा पाला आणि कावीळ उतरवणाऱ्या बाबांचा पत्ता इथपर्यंत झाली असती. तिथे शाळा आणि मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी मुलांना नदीच मोजायला बसवलं. विष्ठेतले जंतू प्रमाणाबाहेर निघाले आणि संशयाचं बोट पावसाळी गटारांकडे वळलं. स्टॅप यांनी पुढे हीच रीत शेजारच्या रूज नदीवरच्या शाळांना शिकवली आणि १९८९ साली तिचं देशोदेशीच्या शाळांचं जाळं केलं. मुलांनी फक्त नदीचं चित्र रंगवून आणलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.

आपल्याकडे चित्राचीच परंपरा मोठी. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिकवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात तर नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा स्वतंत्र विषय आहे. त्याला गुण नसून श्रेणी असते, त्यामुळे क्लासवाल्यांची त्याच्यावर नजर पडलेली नाही, हे त्या विषयाचं भाग्य. प्रकल्प मात्र करावा लागतो. स्टेशनरीच्या दुकानात ‘जलप्रदूषण’ मागितलं की दुकानदार कारखाना, मेलेला मासा आणि रडणारी पृथ्वी असा चित्रांचा तक्ता काढून देतो. हौशी पालक थर्माकोलची नदी करून देतात. थर्माकोलवर राज्यात २०१८ सालीच बंदी आली आहे. पण पालकांच्या जिद्दीपुढे राजपत्राचं काय चालणार? प्रदर्शन संपलं की दोन-तीन महिने ती नदी प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खाते आणि मग एके दिवशी खऱ्या ओढ्यात जाते.

एखादीच शाळा अशी निघते की तिथल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना प्रत्यक्ष पाणी मोजण्याची लहर येते. ओढा शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यातली रामनदी घ्या. भुकूमजवळच्या खाटपेवाडीपाशी ती उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधाकडे मुळेला मिळते. सगळी मिळून वीसेक किलोमीटर. तेवढ्या अंतरात डोंगरातलं पाणी, शेती, तळं, बंगले, टॉवर, मंदिर आणि राडारोडा असा सगळा अभ्यासक्रम क्रमाने येतो. तिच्यावरचं पाषाणचं तळं इंग्रजांनी राज्यपालांच्या बंगल्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं. आज जलपर्णी बाजूला सारून तिथला पेला राजभवनात न्यायची कोणाची छाती होणार नाही.

तर ‘आठवी ब’ काठावर पोचते. हातात साधनं असतात. त्यांतलं पहिलं आणि सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे टीडीएस मीटर, कारण ते कोणाच्या ना कोणाच्या घरी असतंच. आरओ मशीन विकणाऱ्या माणसाने ते दाखवून आईला घाबरवलेलं असतं. मुलं ते पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवतात आणि आकडा येतो ३१०. मग तेच यंत्र सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्यात बुडवलं की येतो ९००. म्हणजे यंत्राच्या मते, ज्यात अख्ख्या उपनगराचं सांडपाणी येतं तो ओढा बोअरवेलपेक्षा तिप्पट शुद्ध. वर्गात एकच गलका होतो. सोसायटीच्या अध्यक्षांचा मुलगा त्याच वर्गात असेल तर त्याला पुढचे आठ दिवस जगणं मुश्किल होतं.

यंत्राची चूक नसते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार आणि तत्सम पदार्थ. खडकातून मुरत गेलेल्या पाण्यात ते जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम इतकं प्रमाण चांगलं मानलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. जंतू किती, मैला किती, हे त्या पेनाला समजत नाही. गेली वीस वर्षं ज्या आकड्याच्या जोरावर शहरातल्या स्वयंपाकघरांत यंत्रं विकली गेली, तो आकडा नक्की कशाचा आहे, हे एका दुपारी आठवीच्या वर्गाला कळतं. एवढ्यासाठी सहलीचा खर्च वसूल झाला असं मानायला हरकत नाही.

पीएचच्या पट्टीवरही मुलांची निराशाच होते. पट्टी भडक लाल किंवा जांभळी व्हावी, अशी सगळ्यांची आतून इच्छा असते. घरगुती सांडपाण्याचा पीएच मात्र सातच्या आसपास, अगदी सज्जनासारखा. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती, हा तपशील सर वर्गात सांगत नाहीत.

खरी मजा प्राणवायू मोजताना येते. विंकलर नावाच्या हंगेरियन माणसाने १८८८ साली काढलेली रीत अजून चालते. नमुन्याच्या बाटलीत काठावरच दोन रसायनं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. रसायनं सरांनीच हाताळायची, मुलांनी हातमोजे घालून बाटली धरायची, असा नियम. सर थेंब टाकतात, बूच लावतात, बाटली उलटसुलट करतात. सगळे श्वास रोखून बघतात, वासामुळे तो आधीपासून रोखलेलाच असतो. साका पांढरा. सर दुसरी बाटली घेतात. पांढरा. सर लेबल वाचतात, रसायनाची तारीख बघतात आणि रसायनं जुनी निघाली असं जाहीर करून पुरवठादाराला फोन लावतात. रसायनं उत्तम असतात. त्या ओढ्यात प्राणवायूच नसतो, एवढी साधी शक्यता शेवटपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. मग एखादी मुलगी शाळेच्या नळाचं पाणी तिसऱ्या बाटलीत भरून आणते, त्यात झकास तपकिरी साका बसतो आणि पुरवठादाराची सुटका होते. विज्ञानात याला नियंत्रण नमुना म्हणतात. तिने तो पुस्तकात वाचलेला नसतो, तिला फक्त सरांचं म्हणणं पटलेलं नसतं.

पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. पाणी तापलं की तो आणखी कमी मावतो, म्हणजे उन्हाळ्यात ओढ्याची दोन्हीकडून कोंडी. चारच्या खाली गेला की बहुतेक माशांचं काही खरं नाही.

प्रवाहाचा वेग मोजायला तरंगणारी वस्तू लागते. परदेशी पुस्तिकांमध्ये संत्रं सोडायला सांगतात, कारण ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं आणि त्याला वारा लागत नाही. आपल्याकडे संत्रं काठापर्यंत शिल्लक राहत नाही. मग नारळ. तो ओढ्यात आयताच असतो. दहा मीटरवर दोन काठ्या रोवायच्या, वरच्या काठीपाशी नारळ सोडायचा, खालच्या काठीपाशी घड्याळ थांबवायचं. मुलांनी गंभीर चेहऱ्याने नारळ पाण्यात सोडला की रस्त्यावरून जाणारी एखादी आजी थांबून हात जोडते. एखादा रिक्षावाला हा कशाचा उतारा आहे म्हणून विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. खालच्या अंगाला दोन पोरं नारळ पकडायला टपलेली असतातच, त्यामुळे दुसऱ्या खेपेचं मोजमाप सहसा होत नाही.

किड्यांचा तास मात्र सगळ्यांत भारी. ब्रिटनमध्ये १९८०च्या सुमारास किड्यांच्या कुळांना एक ते दहा गुण देण्याची पद्धत बसवली गेली आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुढे तशीच एक पद्धत भारतीय पाण्यासाठी तयार केली. गणित सरळ आहे. नाजूक किडा सापडला तर जास्त गुण, कारण तो घाणीत टिकत नाही. दगडाखाली चिकटून राहणाऱ्या, तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या काही कुळांना पैकीच्या पैकी १०. चतुराच्या अळीला ८. गोगलगाय आणि जळू यांना ३. चिखलातल्या लाल अळीला २. गांडुळाच्या चुलत भावांना १. साधनं म्हणून घरून चहाची गाळणी, पिठाची चाळणी आणि पांढरा ट्रे आणायचा असतो. त्या आठवड्यात गावातल्या तीस-चाळीस घरांत चहा रुमालाने गाळला जातो.

वर्गातल्या ज्या मुलाचं नाव आजवर फक्त हजेरीत आणि तक्रारीत आलेलं असतं, तो या तासाला एकदम तज्ज्ञ होतो. गणिताच्या पेपरात त्याला जेवढे गुण मिळत नाहीत तेवढे तो दगड उलटून मिळवतो. लाल अळी त्यालाच आधी दिसते. ती लाल का, हा प्रश्न तोच विचारतो. तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायूचा दुष्काळ असला तरी ती तग धरते, हे उत्तर ऐकून तो क्षणभर गप्प होतो, आणि ते क्वचितच घडतं. मग निघते उंदराच्या शेपटीची अळी. ही एका माशीची अळी. पाण्यात प्राणवायू नसला तरी हिचं अडत नाही, कारण ती शेपटीची नळी वर काढून थेट हवा घेते. शेपटीने श्वास घेणारा प्राणी जगात आहे ही बातमी ‘आठवी ब’मधून सबंध शाळेत पसरायला मधली सुट्टी पुरते. मुली किंचाळतील म्हणून सरांनी त्यांना मागे उभं केलेलं असतं. किंचाळतात ते सर.

गुणांची बेरीज मग फळ्यावर होते. वरच्या अंगाला, खाटपेवाडीसारख्या जागी, बेरीज भरते. शहरात लाल अळी २, गांडूळ १, एकूण ३. डासांच्या अळ्यांना या यादीत मानाचं स्थान नाही, नाहीतर आपले ओढे पहिल्या श्रेणीत पास झाले असते.

बीओडी नावाची एक चाचणी राहते. पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात, ते ती सांगते. इंग्रजांनी नमुना पाच दिवस ठेवायचा नियम केला. त्यांच्या बेटावर नदीचं पाणी समुद्राला मिळायला जास्तीत जास्त तेवढेच दिवस लागतात, असा हिशोब त्यामागे सांगतात. आपल्या हवामानात सगळंच लवकर कुजतं, म्हणून आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस. शाळेला हे तीन दिवसही झेपत नाहीत. शुक्रवारी नमुना घेतला तर तिसरा दिवस सोमवार, आणि सोमवारी घटक चाचणी.

आकडे हाती आले की केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीशी ताडून बघायचे. ‘ए’ म्हणजे जंतुनाशक घालून थेट पिण्याजोगं, ‘बी’ आंघोळीचं, ‘सी’ शुद्धीकरण करून पिण्याचं, ‘डी’ मासे आणि वन्यजीवांचं, ‘ई’ शेतीचं आणि कारखान्यांच्या थंडाव्याचं. ‘बी’साठी लिटरमागे प्राणवायू किमान पाच मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त तीन मिलिग्रॅम हवा. ‘ई’ला प्राणवायू कोणी विचारतच नाही. त्याच मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले आणि त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे पहिला क्रमांक. दहावीच्या निकालात विभागवार टक्केवारी चघळणारं आपलं राज्य या पहिल्या क्रमांकाचे पेढे वाटायला विसरलं.

इथपर्यंत सगळे खूश असतात. मुख्याध्यापकांनी फोटो काढलेले असतात, फ्लेक्स छापायला गेलेला असतो. प्रकरण चिघळतं ते काळ्या बाटलीमुळे.

ही बाटली अस्सल देशी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली ही स्वस्त चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत रसायनाची पट्टी असते. पाणी भरून उबेला ठेवायची, पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असले की दुसऱ्या दिवशी बाटली काळी. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. ओढ्याची बाटली काळी होणार हे ठरलेलंच असतं. पण संचात दोन बाटल्या उरतात, आणि उरलेल्या बाटल्या आठवीच्या वर्गात ठेवून जाणं हे कुठल्याही शिक्षकाच्या कारकिर्दीतलं धाडसच. एक बाटली शाळेच्या टाकीवर जाते, दुसरी समोरच्या वडापावच्या गाडीवर. दुसऱ्या दिवशी वडापाववाल्याची बाटली स्वच्छ निघते.

त्या दिवसापासून उपक्रमाला उतरती कळा लागते. टाकी धुऊन घेतली जाते, ती गोष्ट चांगलीच. पण सरांना विचारलं जातं की अभ्यासक्रम कुठपर्यंत आला. ओढ्याची भेट पुढच्या सत्रावर जाते. मोजायला सगळ्यांची संमती असते, कारण मोजणं फोटोत छान दिसतं. नको असतो तो आकडा, आणि त्यातही पत्ता असलेला आकडा. ‘नदी प्रदूषित आहे’ या वाक्यावर नगरसेवकापासून बिल्डरपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. ‘पुलाच्या उजव्या हाताचा तिसरा पाइप रात्री अकरा वाजता वाहतो’ या वाक्यावर टाळ्या पडत नाहीत, सरांना फोन येतो.

आता, मुलांच्या आकड्याने कोणाला शिक्षा होणार नाही, हेही खरं. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याचं २१वं कलम सांगतं की कोर्टात चालेल असा सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी संबंधिताला नोटीस द्यावी, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत आणि दोघांच्या सह्यांनिशी सीलबंद करावेत. तुमची घाण न्यायला आलोय, जरा सही करा, अशी ही अदब. आठवीच्या मुलाकडून ती होणार नाही, होऊही नये. त्याच्या आकड्याचा उपयोग वेगळा आहे. मंडळाचा माणूस ठरलेल्या मोठ्या ठिकाणी ठरलेल्या वेळी येतो. गल्लीतल्या ओढ्याच्या वाट्याला तो सहसा येत नाही. कुठे, कधी आणि कशाची नीट तपासणी करायला हवी, हे सांगायला काठावरचं कोणीतरी लागतं.

आणि इथेच आपल्या उपक्रमांची खरी खोड दिसते. ते होतात २२ मार्चला. जागतिक जल दिन तेव्हा असतो, पाहुणे तेव्हा मोकळे असतात. पण महाराष्ट्रातला ओढा मार्चच्या अखेरीला आटलेला असतो. शहरातला ओढा त्या दिवशी वाहत असेल तर ते पाणी बहुतेक न्हाणीघरांचं आणि संडासांचं. ते मोजून ओढ्याची परीक्षा होत नाही. जूनचा पहिला पाऊस रस्त्यांवरची उन्हाळाभरची घाण एका दमात ओढ्यात लोटतो. जुलै-ऑगस्टमध्ये पूर सगळं पातळ करतो आणि आकडे साजूक दिसू लागतात. गणपतीनंतर रंग बदलतो. दिवाळीनंतर पाणी निवळतं, किडे परततात, तेव्हा कुठे ओढा कसा आहे ते कळतं. एका दिवसाचा आकडा, मग तो कितीही नेमका असो, यातलं काही सांगत नाही.

दर महिन्याला त्याच पुलावर, त्याच वेळी जाणं कंटाळवाणं आहे, आणि कंटाळवाणं काम नेमाने करून घेण्याची व्यवस्था आपल्या समाजात एकाच ठिकाणी आहे. तिथे घंटा आहे, वेळापत्रक आहे, हजेरीपट आहे, आणि दरवर्षी जूनमध्ये नवी ‘आठवी ब’ आपोआप हजर होते. स्वयंसेवी संस्थांचा निधी संपतो, अधिकाऱ्यांची बदली होते, उत्साही नागरिक मुलाकडे अमेरिकेला जातात. शाळा तिथेच राहते. थर्मामीटर, पीएचची पट्टी, पारदर्शकता बघायची नळी, चाळणी आणि पाठपोट शंभर पानी वही, एवढ्यात सुरुवात होते. रबरी बूट, हातमोजे आणि परतल्यावर साबण हवा, आणि लेप्टोच्या भीतीने भर पावसात पाण्यात उतरायचं नाही, पुलावरून बादली सोडायची.

तेव्हा ज्या शाळेजवळून ओढा जातो, तिच्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे. एक पूल ठरवावा, महिन्याचा एक शनिवार ठरवावा आणि वही कपाटात कुलपात न ठेवता पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. आकडे ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला आवक क्रमांक घेऊन द्यावेत. प्रमुख पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर बारावी नोंद झाल्यावर बोलवावं, आणि त्या दिवशीची बादली त्यांनाच ओढायला लावावी.